तिसरं चित्र

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत. एकात नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच संगीत नाटकांत स्त्रीभूमिका गाजवणारे बालगंधर्व, पुरुषवेशात आहेत, दुसऱ्यात स्त्रीवेशात. मध्यंतरात लोक त्यांच्यासमोर थांबतात आणि हमखास एक वाक्य कानावर येतं, "अगदी बाईच वाटतात ना!" मी नाटकाच्या कार्यशाळा घेते, त्यामुळे हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल. कौतुकानेच म्हणतात सगळे. पण त्या दोन चित्रांत एका माणसाचं सगळं शरीर येत नाही, हे मला बरीच वर्षं खुपतं आहे.

तिसरं चित्र हवं होतं. अंग सुटलेलं, पाय अधू झालेले, बसल्या जागेवरून गाणारे नारायणराव त्यात दिसले असते. आयुष्याची अखेरची बरीच वर्षं त्यांनी त्या शरीरात काढली, गायले, लोकांना भेटले. ती वर्षं आपण 'शोकांतिका' या एका शब्दात गुंडाळून ठेवली. या प्रकरणात मी तेवढाच धागा धरणार आहे: एका पुरुषाने स्त्री साकारली, त्या शरीराला मराठी माणसाने डोक्यावर घेतलं, आणि तेच शरीर वयाने, वजनाने, अपंगत्वाने बदलू लागल्यावर नजर फिरवली. असं का झालं?

कान

सुरुवातीलाच एक गोष्ट आहे जी चरित्रांत येते आणि लगेच मागे पडते. २६ जून १८८८ ला जन्मलेल्या या मुलाला ऐकू कमी येत असे. पोरवयातलं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी ज्याला 'बालगंधर्व' म्हटलं, त्याचाच कान अधू. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्यावर मिरजेच्या मिशन इस्पितळात उपचार करवले, आणि १९०५ मध्ये त्याच मिरजेत तो किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला होऊन उभा राहिला. वय १७.

मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. राजाश्रयाचा किस्सा म्हणून ती सांगितली जाते, पण तिच्यात शरीराची गोष्ट आहे. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याला गायचं असेल तर साथीदाराकडे बघावं लागतं, स्वर अंगात धरून ठेवावा लागतो. नारायणरावांचं नेमकं काय होत असेल ते मी सांगू शकत नाही. माझ्याकडे आलेल्या कमी ऐकू येणाऱ्या मुलामुलींना मात्र मी असं करताना पाहिलं आहे. त्यांचं लक्ष इतरांपेक्षा जास्त असतं.

स्त्रीपार्ट म्हणजे काय काम

तेव्हा प्रतिष्ठित नाटक मंडळ्यांत बायका नसत. घरंदाज बाईने रंगमंचावर येणं म्हणजे घराण्याची अब्रू गेली असं मानत. बायकांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या, त्यांत बायका पुरुषांची कामं करत, पण मान मिळायचा तो पुरुषांच्या मंडळ्यांना. तिथे कोवळ्या आवाजाची, नाकीडोळी नीटस मुलं हेरून 'स्त्रीपार्टी' घडवत. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी हे काम गाजवलं होतं. १९०१ मध्ये ते गेले आणि ती जागा रिकामी होती.

नारायणरावांनी ती भरली असं म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांनी त्या जागेचा आकारच बदलला. जुनी छायाचित्रं जरा वेळ काढून पाहा. पदर बहुतेक वेळा दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, म्हणजे पुरुषाच्या खांद्यांची रुंदी झाकली जाते. कोपर अंगाजवळ. मान किंचित कललेली, त्यामुळे गळ्याची घाटी समोर येत नाही. एक हात पदराच्या काठाशी किंवा गळ्यातल्या दागिन्याशी, म्हणजे पंजाला काही काम दिलेलं. कमरेपासून अंग थोडं वळवलेलं, पूर्ण समोर क्वचितच. कार्यशाळेत मी मुलांना आरशासमोर ही ठेवण एकेक करून करायला लावते. पाच मिनिटांत खांदे भरून येतात. चार-पाच तास, 'वन्स मोअर' घेत घेत, गात गात हे सांभाळायचं म्हणजे पहिलवानाइतकीच मेहनत आहे.

आणि आवाज? ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. ऐका. तो पुरुषाचा आवाज आहे. बायकी, बारीक आवाज काढण्याचा प्रयत्न त्यात कुठेही नाही. म्हणजे प्रेक्षकाला डोळ्यांनी रुक्मिणी दिसत होती आणि कानाने नारायणराव ऐकू येत होते, आणि दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी हव्या होत्या. 'बाईच वाटतात' या वाक्यात ही गंमत हरवते. प्रेक्षक फसला नव्हता. समोर पुरुष आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी घरोघरच्या बायका त्याच्यासारखी साडी नेसत होत्या, त्याच्यासारखा अंबाडा घालत होत्या. बाई कशी दिसावी हे एका पुरुषाच्या अंगावरून बायका शिकत होत्या, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. लिंगभाव हा शिकण्याचा, घडवण्याचा आणि नेसण्याचा भाग आहे हे आज विद्यापीठांतून शिकवतात. आपल्या आज्या-पणज्यांनी ते पुढच्या रांगेत बसून पाहिलं होतं.

१२ मार्च १९११ ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्या दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग झाला. ही हकिकत सांगताना त्यागाचं, कलानिष्ठेचं कौतुक होतं. मला मात्र त्या रात्रीच्या शरीराचा विचार छळतो. मूल गमावलेला २२ वर्षांचा बाप नाटकाच्या नायिकेचे, भामिनीचे, दागिने अंगावर चढवतो आहे. त्याला रडायला कुठलं अंग होतं?

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या सोबतीने गंधर्व नाटक मंडळी निघाली. १९१६ मध्ये 'स्वयंवर'मधली रुक्मिणी आली, १९१९ मध्ये 'एकच प्याला'मधली सिंधू. खरी जर, उंची शालू, अत्तर, साथीला सारंगी आणि ऑर्गन, पुढे तबल्यावर अहमदजान थिरकवांसारखा माणूस. पैशाचा हिशेब कधी जमला नाही, कर्ज डोक्यावर राहिलं. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी गायकनट केशवराव भोसले यांच्याबरोबर झालेला संयुक्त 'मानापमान' हा त्या काळाचा कळस. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी थांबत नाही.

अंग बदलतं

पन्नाशीकडे झुकलेलं शरीर रुक्मिणीचं कसं राहील? वजन वाढलं, चेहरा भरला. इकडे काळही बदलत होता. हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या नाट्यसंस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणलं, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. बोलपट आला. हे सगळं योग्यच झालं, यात माझ्या मनात शंका नाही. बायकांना बायकांचं काम मिळायलाच हवं होतं, आणि ते फार उशिरा मिळालं.

पण या प्रकरणातला सगळ्यात बोलका तपशील पुढेच आहे. १९३५ मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या बोलपटात नारायणरावांनी संत एकनाथ केला, म्हणजे पुरुष. इथून त्यांचा रस्ता सरळ झाला असता. दाढीमिशा, धोतर, संतपट, सन्मानाचं म्हातारपण. ते परत फिरले. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई' या बोलपटात ४९ व्या वर्षी ते मीरा झाले आणि नाटकांतही स्त्रीभूमिकाच करत राहिले.

हा हट्ट होता, व्यवहारशून्यता होती, कर्ज फेडायचं होतं, ही सगळी कारणं दिली जातात आणि त्यांत तथ्य असेलही. मला आणखी एक कारण दिसतं. १७ व्या वर्षापासून ज्या शरीराने रोज रात्री बाईचं वळण घेतलं, त्याला तो निव्वळ वेष राहिला नव्हता. त्यांना पुरुषाच्या भूमिकेत अवघडल्यासारखं होत असेल, हे मी कल्पनेने म्हणते आहे, पण नटांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर ही कल्पना मला दूरची वाटत नाही. त्यांच्यावर आजचं कुठलंही नाव चिकटवायचा माझा हेतू नाही. ते स्वतःला काय म्हणत असतील ते त्यांच्याबरोबर गेलं. मी फक्त एवढं नोंदवते की निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांनी लुगडं निवडलं.

रंगमंच आणि कॅमेरा यांच्यातला फरकही इथे ध्यानात घ्यावा. नाटकात दहाव्या रांगेत बसलेल्या माणसाचे डोळे उरलेलं चित्र पुरं करतात. आवाज त्याला मदत करतो. कॅमेरा जवळ जातो आणि गालाची कातडी दाखवतो. ज्या कलेचा निम्मा भाग प्रेक्षकाने करायचा होता, तिथे प्रेक्षकाला कामच उरलं नाही. 'साध्वी मीराबाई' चालला नाही, पण ते अपयश मी त्यांच्या वयावर टाकत नाही. रंगमंचावर प्रेक्षकाशी झालेला करार कॅमेऱ्यापुढे लागू नव्हता.

आणि तरुण, सडपातळ, गोरी तीच स्त्री, असं आपण नकळत मानतो का? सिंधू गरिबीने, मारहाणीने, उपासमारीने खचलेली बाई आहे. जाडसर, थकलेल्या, ओघळलेल्या चेहऱ्याची बाई सिंधू का असू नये? आपल्या घरांतून अशा सिंधू होत्या आणि आहेत. वय झालेल्या नटाला 'आता शोभत नाही' म्हणताना आपण वय झालेल्या बाईलाही तेच म्हणत असतो.

गोहरबाई

१९३० च्या दशकाच्या अखेरीस गोहर कर्नाटकी गंधर्व मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. पुढे १९५१ मध्ये दोघांनी लग्न केलं. गोहरबाई मुसलमान, गायिका, आणि वयाने बऱ्याच लहान. मराठी लेखनात त्यांच्या वाट्याला जे आलं ते वाचवत नाही. नारायणरावांच्या पडत्या काळाचं सगळं खापर त्यांच्यावर. पुरुषाने स्त्री साकारली की ती कला, आणि खरी स्त्री त्याच्याशेजारी उभी राहिली, त्याचीच गायकी त्याच्याइतकी गाऊ लागली, की ती घात करणारी. पाय गेलेल्या नवऱ्याचं उठणं-बसणं-न्हाणं गोहरबाईंनी केलं. १९६४ मध्ये त्या आधी गेल्या. अपंग माणसाची सेवा करणाऱ्या बाईचं शरीर तर कुठल्याच चित्रात येत नाही.

पाय

उतारवयात पाय निकामी झाले. ज्या पायांनी रुक्मिणीची ती नाजूक चाल रंगमंचावर आणली त्यांनी उभंही राहता येईना. आता उरलं ते बसणं आणि गाणं. ते भजनं गाऊ लागले.

इथे आपण थांबतो, हळहळतो आणि पान उलटतो. पण भजन म्हणजे काही कलेचा शेवट नव्हता. १९३१ मध्ये त्यांनी 'कान्होपात्रा' केलं होतं. गणिकेच्या पोटी जन्मलेली, बादशहाकडे जावं लागू नये म्हणून विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवणारी कान्होपात्रा. तिचे अभंग त्यांच्या गळ्यात तेव्हाच बसले होते. कान्होपात्रेची आर्त हाक म्हाताऱ्या पुरुषाच्या, उभं न राहू शकणाऱ्या शरीरातून येते तेव्हा ती स्त्रीची असते की पुरुषाची? वारकरी परंपरेत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. ज्ञानेश्वरांनी विराण्या लिहिल्या त्या विरहिणी होऊन. विठ्ठल तर आमची माउली आहे, विठाबाई आहे. पुरुषाने बाईच्या तोंडाने बोलावं आणि देवाला आई म्हणावं, हे आपल्याकडे दिंडीतला निरक्षर माणूसही सहज करतो.

म्हणून मी म्हणते, नारायणरावांनी स्त्रीभूमिका पाय गेल्यावरही सोडली नाही. शालू गेला, चाल गेली, हातांची लकब गेली. आवाज पहिल्यापासून पुरुषाचाच होता, त्याने कधी सोंग घेतलंच नव्हतं, त्यामुळे तो शेवटपर्यंत स्त्रीचं गाणं गाऊ शकला. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ ला ते गेले. रंगमंदिर पुढच्या वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, खुलं झालं. दोन चित्रं लागली.

तमाशातला नाच्या

हे प्रकरण एवढ्यावर सोडलं तर अर्धवट राहील. कारण त्याच काळात, त्याच महाराष्ट्रात, दुसऱ्या फडावर दुसरा पुरुष बाईचं वळण घेऊन उभा होता. नाच्या पोऱ्या. पुढे तमाशात बायका आल्या आणि नाच्याचं काम उरलं ते टाळ्या वाजवत, कंबर मोडत लोकांना हसवण्याचं. मराठी तमाशापटांत गणपत पाटलांनी हा नाच्या अजरामर केला. मेहनत तीच. खांदा, मनगट, मान, कंबर, सगळ्याचा अभ्यास तोच. पण नारायणरावांना पुष्पहार मिळाले आणि गणपत पाटलांना रस्त्यात टोमणे. पडद्यावरचं बायकीपण हेच त्यांचं खरं रूप आहे असं धरून लोक वागले, त्याची झळ घरच्यांनाही लागली.

फरक कशाचा? एक संगीत नाटक, पांढरपेशा प्रेक्षक, खरी जर. दुसरा तमाशा, महार-मांग-कोल्हाटी कलावंतांचा, हलका मानलेला. एकाचं बायकीपण खानदानी बाईचं होतं, दुसऱ्याचं चिडवण्याजोगं. पुरुषाने बाई होण्याला मराठी माणसाची ना कधीच नव्हती. कोणत्या जातीच्या, कोणत्या घरच्या बाईसारखं व्हायचं, याचे नियम मात्र कडक होते. आजही शाळेतल्या नाजूक चालीच्या मुलाला 'बालगंधर्व' म्हणून कोणी हाक मारत नाही. त्याला काय म्हणतात ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

कार्यशाळेतली भामिनी

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला. जन्मापासून पायांत ताठरपणा, एका पायाला कॅलिपर, म्हणजे पट्ट्यांनी बांधायचा आधार, दोन्ही काखांत कुबड्या. गळा गोड. त्याला भामिनी करायची होती. "ताई, मला मुलगीच करायची आहे, लहानपणापासून," म्हणाला. बरोबरच्या एका अनुभवी माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "आधीच तो असा, त्यात बाईचं काम. दोन दोन गोष्टी कशाला?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. पण 'दोन दोन गोष्टी' हे शब्द मला झोपू देईनात. अपंग असेल तर बिचारा असावा, बायकी असेल तर निदान धडधाकट असावा. दोन्ही असणाऱ्याला आपल्याकडे जागाच नाही.

मग काम सुरू झालं आणि अडचणी आल्या त्या वेगळ्याच. नऊवारीचा काष्टा कॅलिपरच्या पट्ट्यांत अडकायचा. तो आम्ही सैल घेतला आणि निऱ्या पुढे जास्त सोडल्या. पदर काखेतल्या कुबडीखाली जाऊन सटकायचा. दोन्ही खांद्यांवरून घेऊन टाचला तेव्हा राहिला, आणि आरशात पाहिल्यावर लक्षात आलं की ही तर त्या जुन्या फोटोंतलीच ठेवण आहे. खरा पेच हातांचा होता. स्त्रीपार्टाचं निम्मं बोलणं हातांत असतं, आणि याचे दोन्ही हात कुबड्यांना बांधलेले. आठवडाभर आम्ही चाचपडलो. शेवटी त्यानेच मार्ग काढला. चालताना भामिनी फक्त मान आणि डोळे वापरेल, आणि पद सुरू झालं की बसेल. बसल्यावर हात मोकळे. त्या हातांनी पहिल्यांदा पदराचा काठ धरला तेव्हा तालमीच्या खोलीत कोणी बोललं नाही.

तो बसला की कुबड्या कोणीतरी उचलून विंगेत न्यायच्या, असं मी ठरवलं होतं. त्याने अडवलं.

"राहू दे ताई. भामिनीच्याच आहेत त्या."

त्या तिथेच, निऱ्यांशेजारी राहिल्या. पद संपल्यावर उठताना लाकडी फळीवर त्यांचा ठक् आवाज व्हायचा. तो कसा दाबायचा याची मी काळजी करत होते. आमचा तबलजी म्हणाला, दाबू नका, तो समेवर येऊ दे.